रहस्यकथा एकट्यानं वाचायची गोष्ट नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत रहस्यकथांवर एक लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला होता, मी कात्रण काढून ठेवलं. पण त्यातल्या एका वाक्यावर मी अडले ती अजून अडलेलीच आहे. रहस्यकथा म्हणजे प्रवासात एकट्यानं वाचायची आणि खुनी कळला की गाडीच्या बाकावर ठेवून उतरायची वस्तू, असं त्यात सहज म्हटलं आहे. मला हे मान्य नाही. मी मिरजेत ३४ वर्षं औषधांचं दुकान चालवते आणि वयाच्या ११व्या वर्षापासून रहस्यकथा वाचते. या पुस्तकांनी मला जेवढी माणसं मिळवून दिली, तेवढी दुसऱ्या कुठल्या पुस्तकांनी दिली नाहीत. खुनी कळला की पुस्तक संपतं, हे खरं. पण बोलणं तिथून सुरू होतं. त्या बोलण्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या लहानपणी लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात एक वाचनालय होतं. वाचनालय कसलं, एक खोली, तीन कपाटं आणि खुर्चीत बसलेले मालक. दिवसाला दहा पैसे भाडं. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर, रहस्यकथा लिहिणारे सगळे तिथे भेटले. पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरं घातलेली असत आणि आत, समासात, वाचकांनी लिहिलेलं असे. कुणी पेन्सिलीनं, कुणी शाईनं. एका पानावर एकानं लिहिलं होतं, ‘चौकीदाराकडे लक्ष ठेवा.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘चौकीदार नाही. तो घाबरट आहे.’ आणि त्याखाली हिरव्या शाईत, ‘घाबरटच खून करतात.’

हे वाचून मला जो आनंद झाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. मी एकटी वाचत नव्हते. माझ्या आधी कुणीतरी याच पानावर थांबलं होतं, याच चौकीदाराचा विचार करत होतं. मीही पेन्सिल काढली आणि लिहिलं, ‘पान १२ वरची चप्पल विसरलात का?’ तीन आठवड्यांनी केवळ उत्तर बघायला मी तेच पुस्तक पुन्हा भाड्यानं घेतलं. हिरव्या शाईत उत्तर होतं, ‘चप्पल बरोबर. शाबास. आपण कोण?’ मी खाली ‘सातवी ब’ एवढंच लिहिलं. त्यानंतर दोन-अडीच वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकांत मला मजकूर सापडत राहिला, ‘सातवी ब यांस, या वेळी घड्याळ बघा.’ मी आठवीत गेले, नववीत गेले, तरी त्या शाईसाठी सातवी ब-च राहिले. ते गृहस्थ होते की बाई होत्या, मास्तर होते की रेल्वेतले, मला कधी कळलं नाही. ते वाचनालय बंद झालं तेव्हा मी बारावीला होते.

त्या समासांचा एक नियम होता. कुणी तो लिहून लावला नव्हता, तरी सगळे पाळत. शेवटच्या वीस पानांवर कुणी काही लिहायचं नाही. एकदा कुणीतरी पहिल्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवलं, तेव्हा मालकांनी त्यावर कागदाची पट्टी खळीनं चिकटवली आणि पट्टीवर लिहिलं, ‘काढू नये.’ माझ्या माहितीत ती कुणी काढली नाही. मी तर नाहीच.

पुढे खूप वर्षांनी वाचनात आलं, की हाच धर्म लेखकांनीही पाळला होता, आणि तो शपथ घेऊन. लंडनमध्ये १९३० साली रहस्यकथा लेखकांचा डिटेक्शन क्लब स्थापन झाला. अँथनी बर्कले यांनी त्याच्या दोन वर्षं आधीपासून रहस्यकथा लिहिणाऱ्यांना जेवायला बोलवायला सुरुवात केली होती, त्या जेवणांतून तो निघाला. जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. सभासदांत डोरोथी सेयर्स, ॲगाथा ख्रिस्ती, फादर रोनाल्ड नॉक्स, फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स. हे सगळे एकमेकांचे स्पर्धक होते, हे लक्षात घ्या. एकाच दुकानाच्या एकाच फळीवर यांची पुस्तकं शेजारी शेजारी असायची आणि गिऱ्हाईक त्यातलं एकच उचलायचं. तरी ही माणसं एका टेबलावर जेवत होती आणि एकमेकांच्या कथांतल्या फटी एकमेकांना दाखवत होती.

नव्या सभासदाचा शपथविधी असे. खोलीत मेणबत्त्या, अध्यक्षांच्या अंगावर लाल झगा आणि उशीवर ठेवलेली एक कवटी. कवटीचं नाव एरिक. जॉन ऱ्होड या लेखकानं तिच्या डोळ्यांत विजेचे दिवे बसवले होते. त्या कवटीवर हात ठेवून सांगायचं, की माझा गुप्तहेर त्याला मी दिलेल्या बुद्धीनंच गुन्हा उलगडेल, दैवी साक्षात्कार, बायकी अंतःप्रेरणा, जादूटोणा, योगायोग किंवा देवाची करणी यांच्यावर विसंबणार नाही. महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही. टोळ्या, कटकारस्थानं, मृत्युकिरण, भुतं, संमोहन, चोरदरवाजे यांचा वापर बेतानं करीन, आणि विज्ञानाला माहीत नसलेली विषं कधीच वापरणार नाही. शपथ मोडली तर काय, तेही ऐकवलं जाई. तुमच्या क्लृप्त्या दुसरे लेखक आधी वापरोत, प्रकाशक करारात तुम्हाला गुंडाळोत, अनोळखी माणसं अब्रुनुकसानीचे दावे लावोत, तुमच्या पुस्तकांत छपाईच्या चुकांचा सुळसुळाट होवो आणि तुमचा खप घटत जावो. लेखकाला याहून मोठा शाप कोणता असेल!

ही सगळी थट्टा होती, पण तिच्या तळाशी एक वचन होतं आणि ते वाचकाला दिलेलं होतं. मला फसव, पण खोटं बोलून फसवू नकोस, एवढंच तर वाचक मागतो. १९२६ साली ख्रिस्तींच्या एका कादंबरीवर वाद पेटला होता. लेखिकेनं वाचकाला अन्यायानं फसवलं, असं काहींचं म्हणणं. तेव्हा सेयर्स त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. सगळ्यांवर संशय घेणं हे वाचकाचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. (कादंबरीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. ज्यांनी वाचली आहे त्यांना कळलं असेल, ज्यांनी नाही त्यांचा आनंद मला हिरावायचा नाही.) स्पर्धकाच्या यशाच्या वेळी असं उभं राहायला मन मोठं लागतं.

आणि मग ती त्यांची एकत्र लिहिलेली कादंबरी, ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’, १९३१. नदीत वाहत आलेल्या होडीत एका ॲडमिरलचं प्रेत सापडतं. पहिलं प्रकरण एकानं लिहायचं, दुसरं दुसऱ्यानं, अशी बारा प्रकरणं, शिवाय चेस्टरटन यांचं प्रास्ताविक. आधीच्यांनी घातलेल्या गाठींकडे डोळेझाक करायची नाही, आणि स्वतः काही नवं घालताना त्याचं उत्तर आपल्या मनात पक्कं असलं पाहिजे. म्हणून लेखकांनी आपापली उकल लिहून दिली, आणि ती पुस्तकाच्या शेवटी छापली आहे. एकाच प्रेताच्या इतक्या उकली! आठव्या प्रकरणात फादर नॉक्स यांनी आधीच्यांनी केलेला सगळा गुंता समोर मांडून ३९ शंकांची यादीच केली. अँग्लिकन पंथाची ३९ श्रद्धाकलमं प्रसिद्ध आहेत आणि नॉक्स तो पंथ सोडून कॅथलिक झालेले, तेव्हा ३९ हा आकडा का, हे त्यांच्या मित्रांना लगेच कळलं असणार. शेवटचं प्रकरण बर्कले यांच्या वाट्याला आलं. त्यांनी त्याला ‘पसारा आवरताना’ अशा अर्थाचं नाव दिलं.

दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, त्यांनी याहून धीट खेळ केला. ‘आस्क अ पोलिसमन’ या पुस्तकात त्यांनी एकमेकांचे गुप्तहेर अदलाबदल करून घेतले. सेयर्स यांचा लॉर्ड पीटर बर्कले यांनी लिहिला आणि बर्कले यांचा शेरिंगहॅम सेयर्स यांनी. आपण जन्म दिलेलं, नावारूपाला आणलेलं पात्र दुसऱ्याच्या हाती द्यायचं, त्यानं त्याच्या लकबींची गंमत करायची, आणि ती आपणच हसून छापू द्यायची. मी नेहमी विचार करते, अर्नाळकरांचा झुंजार एका प्रकरणापुरता शिरवळकरांच्या हाती गेला असता तर? शिरवळकरांचा दारा बुलंद गुरुनाथ नाईकांनी लिहिला असता तर? अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. एवढ्या लिखाणातून एक पुस्तक असं एकत्र निघालं असतं तर आम्ही ते डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

आता आमच्याबद्दल सांगते.

२००८ च्या जानेवारीत सांगलीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, म. द. हातकणंगलेकर अध्यक्ष होते. मी दुकान बहिणीवर सोपवून दुपारी ग्रंथप्रदर्शनाला गेले. एका गाळ्यावर, खालच्या खोक्यात, अर्नाळकरांचं एक जुनं पुस्तक दिसलं. मी वाकले तेव्हा पलीकडून आणखी एक हात आला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, मिरजेचेच. प्रत एकच. आम्ही दहा मिनिटं तिथे उभे राहून बोललो आणि ठरलं, की पैसे निम्मे निम्मे, आधी त्यांनी वाचायचं, आठ दिवसांनी मी. त्यांनी पुस्तक दुकानात आणून दिलं तेव्हा आत पेन्सिलीनं टिपणं होती आणि शेवटची वीस पानं कोरी होती. मी त्यांना नियम सांगितला नव्हता. तेही कुठल्यातरी गावच्या अशाच वाचनालयात वाढले असणार. हिरव्या शाईबद्दल मी लगेच विचारलं. ते नव्हते. ते हयातभर निळ्याच शाईनं लिहीत आले आहेत.

त्या दोघांचे आज आम्ही नऊ जण आहोत. बेळगावच्या एक निवृत्त शिक्षिका, कुपवाडच्या कारखान्यात काम करणारा एक फिटर, पुण्यात शिकणारी एक मुलगी, एक वकील, एक भाजीचे घाऊक व्यापारी. महिन्यातून एका रविवारी दुकान बंद झाल्यावर शटर अर्धं ओढून आम्ही आत बसतो. बाहेरगावचे फोनवर असतात. मधल्या दिवसांत फोनवर एकमेकांना खिजवणं अखंड चालू. ‘आज पान १०० पर्यंत आलो, तुम्ही सगळे चुकलात’, असा निरोप फिटर पाठवतो आणि दिवसभर सगळे त्याच्या मागे लागतात. तो एक अक्षर सांगत नाही.

डिटेक्शन क्लबची शपथ आम्ही मराठीत आणली, तेव्हा आमच्यात तीन रविवार वाद झाला. बायकी अंतःप्रेरणा हे कलम काढा, असं पुण्याची मुलगी म्हणाली. शिक्षिका म्हणाल्या, राहू दे, बाईला अंदाजानं नव्हे तर पुराव्यानं बोलू द्या, हेच ते कलम सांगतं. कलम राहिलं. फादर नॉक्स यांनी १९२९ साली जे दहा नियम केले, त्यांत कथेत चिनी माणूस नको असा एक नियम आहे. तो आज वाचताना कानाला फार खटकतो. त्या काळच्या स्वस्त कथांत चिनी माणूस ठरलेला खलनायक असायचा, त्या खोडीवर तो रोख होता. आम्ही त्यावर बराच वेळ बोललो आणि त्या जागी आमचा नियम लिहिला, ‘घरगडी, मोलकरीण किंवा परगावचा माणूस यांच्यावर ते गरीब किंवा परके आहेत एवढ्यासाठी संशय टाकायचा नाही.’ आमच्या जुन्या आवडत्या पुस्तकांत हे किती वेळा झालं आहे, ते त्या रविवारी आम्ही मोजत बसलो. तेव्हा कुणी हसलं नाही. भुयार मात्र कथेत एकच चालेल असं ठरलं. नॉक्स यांचाही एकच चोरवाट हा नियम आहे, आणि मराठी रहस्यकथा भुयारांवर किती जगली हे वाचकांना सांगायला नको.

विषांच्या बाबतीत सगळे माझ्याकडे बघतात. मलाही त्याचा अभिमान आहे. ॲगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात टॉर्की गावच्या रुग्णालयात औषधं बनवून देण्याचं काम करत होत्या. त्याची रीतसर परीक्षाही त्यांनी दिली होती. त्यांची पहिली कादंबरी आली तेव्हा औषधनिर्मात्यांच्या नियतकालिकानं तिची दखल घेतली आणि विषाची माहिती अचूक असल्याबद्दल कौतुक केलं. त्या कौतुकाचा त्यांना फार आनंद झाला होता. पुढे, त्यांच्या निधनानंतर वर्षभरानं, १९७७ साली, कतारहून एका लहान बाळाला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणलं होतं. आजार डॉक्टरांना उमगत नव्हता. तिथली एक परिचारिका त्या वेळी ख्रिस्तींची एक कादंबरी वाचत होती. कादंबरीतली लक्षणं आणि बाळाची लक्षणं तिला जुळताना दिसली. तिनं ते बोलून दाखवलं, डॉक्टरांनी ऐकून घेतलं, तपासणीत तेच विष निघालं आणि बाळ वाचलं. डॉक्टरांनी या रुग्णाबद्दल लेख लिहिला त्यात लेखिकेचे आभार मानले. कादंबरीचं नाव आणि विषाचं नाव दोन्ही मी इथे गाळलं आहे, कारण एक सांगितलं की दुसरं फुटतं. ही हकिकत मी आमच्या रविवारी सांगितली तेव्हा वकील म्हणाले, त्या परिचारिकेनं पुस्तक मिटून मनातच ठेवलं असतं तर? माझ्या मते सगळं त्यातच आहे. तिनं वाचलेलं बोलून दाखवलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आमची साखळी कथा लिहायला घेतली. सात प्रकरणं, सात जण. काळ १९८२, जागा मिरज जंक्शन. आताच्या मुलांना सांगायला हवं, की त्या काळी मिरजेत तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे नॅरोगेज. प्रत्येकानं आपली उकल लखोट्यात बंद करून माझ्याकडे द्यायची. मी ते लखोटे दुकानातल्या ज्या खणात शेड्यूल एच-वन औषधांचं, म्हणजे ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांचं रजिस्टर असतं, त्या खणात कुलूप लावून ठेवले.

दुसरं प्रकरण पुण्याच्या मुलीनं लिहिलं. सुंदर लिहिलं. पण त्यात एक साक्षीदार सांगतो, की मयत माणूस पंढरपूरला डब्यात चढला, खिडकीशी झोपला आणि त्याच डब्यातून पुढे बेळगावला गेला. प्रकरण वाचून दाखवलं गेलं आणि रेल्वेचे काका एकदम ताठ बसले. नॅरोगेजचा डबा मीटरगेजच्या रुळावर जातच नाही. मिरजेला उतरून, फलाट बदलून, दुसऱ्या गाडीत बसण्यावाचून गत्यंतर नाही. आम्हा सगळ्यांना ते कळलं. मुलगी लाल झाली. ती २००३ ची, तिनं नॅरोगेज पाहिलेलीच नाही. ती म्हणाली, मी बदलते. काका म्हणाले, नाही, आपला नियम आहे, लिहिलेलं बदलायचं नाही. आणि तिसरं प्रकरण माझं आहे, असंही तेच म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी आपलं प्रकरण वाचलं. त्यात फौजदार साक्षीदाराला पुन्हा बोलावतो, त्याच्यासमोर टाइमटेबल ठेवतो आणि शांतपणे विचारतो, ‘डबा तोच होता म्हणता? मग तुम्ही त्या गाडीत नव्हतातच.’ साक्षीदार खोटं बोलत होता! जी चूक होती तिचा दुवा झाला, आणि आमच्या गोष्टीतला तो सगळ्यात चांगला दुवा ठरला. त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. काकांनी तिला एवढंच म्हटलं, ‘तू तो खोटारडा उभा केलास, मी फक्त पकडला.’ क्रॉफ्ट्स हे काकांचे आवडते लेखक आहेत. ते स्वतः रेल्वेत इंजिनियर होते आणि त्यांच्या कथांत वेळापत्रकं फार. मला खात्री आहे, त्या क्लबच्या टेबलावर क्रॉफ्ट्स यांनीही अशी एखादी गाडी कुणासाठी तरी रुळावर आणली असेल.

शेवटी लखोटे उघडले. सात लखोट्यांत पाच वेगवेगळे खुनी निघाले. भाजीच्या व्यापाऱ्यांनी खून स्टेशनमास्तरावर टाकला होता म्हणून काका दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्यांच्याकडे गवार मागवली.

डोरोथी सेयर्स यांनी शेरलॉक होम्सच्या अभ्यासाबद्दल लिहिताना म्हटलं आहे, की हा खेळ लॉर्ड्सवरच्या काउंटी सामन्याइतक्या गांभीर्यानं खेळला पाहिजे. होम्सच्या कथांतल्या विसंगतींवर विद्वत्तेचा आव आणून लिहायची सुरुवात फादर नॉक्स यांनी १९११ मध्ये एका निबंधानं केली. तो वाचून खुद्द कॉनन डॉइल यांनी त्यांना पत्र लिहिलं. आपल्या कथांवर कुणी एवढे कष्ट घ्यावेत याचं त्यांना नवल वाटलं. लेखकानं वाचकाला लिहिलेलं असं पत्र मला फार मोलाचं वाटतं.

आणि वाचकांचं ऐकून लेखक परत फिरतो, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच घडलं आहे. बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ च्या सुमाराला चित्रपटांसाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. मधली जवळजवळ पंधरा वर्षं त्यांनी ब्योमकेश लिहिलाच नव्हता. कलकत्त्याच्या वाचकांनी आठवण काढली, विचारणा केली, आणि त्यांनी पुन्हा लेखणी उचलली. म्हणजे नंतरच्या कितीतरी ब्योमकेश कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. त्यांतली एक तर महाबळेश्वरला घडते आणि मोठ्या भागात ब्योमकेशनं मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. ती कथा डिटेक्शन क्लबच्या शपथेत बसते का, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. का, ते सांगितलं तर वाचणाऱ्याचा रस जाईल. वाचा आणि कुठल्या तटात ते कळवा.

आता शेवटचं आणि माझ्या मनाला जवळचं. रेल्वेच्या काकांना काचबिंदू आहे. त्यांचे थेंब माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळे दृष्टी कशी कमी होत गेली ते मला महिन्यामहिन्याला कळत होतं. गेल्या वर्षापासून छापील अक्षर त्यांना वाचता येत नाही. आता ते मुलाकडे हैदराबादला असतात. आम्ही पाळ्या लावल्या आहेत. एकेक जण एकेक प्रकरण मोठ्यानं वाचतो, फोनवर नोंदवतो आणि त्यांना पाठवतो. फिटर जेवणाच्या सुट्टीत वाचतो, त्याच्या आवाजामागे कारखान्याचा भोंगा ऐकू येतो. शेवटचं प्रकरण मात्र आम्ही थांबवून ठेवतो. काकांनी खुनी कोण आणि का, हे कारणांसह सांगायचं. मगच ते प्रकरण जातं. गेल्या अकरा पुस्तकांत सात वेळा त्यांचं उत्तर बरोबर आलं आहे. ते म्हणतात, कानानं ऐकताना दुवे जास्त दिसतात.

संपादक महाराज, माझी मागणी अशी. आपल्या रविवार पुरवणीत एक साखळी रहस्यकथा सुरू करा. मराठीत आज रहस्यकथा लिहिणारे लेखक आहेत, ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक त्यांना जागा देतात, पण ते वर्षातून एकदा. सात-आठ लेखकांना एकेक प्रकरण द्या. एकमेकांची चूक दुरुस्त करायची नाही, ती गोष्टीत सामावून घ्यायची, असा नियम पहिल्याच दिवशी छापा. प्रत्येकाची उकल बंद लखोट्यात आपल्या कचेरीत ठेवा आणि शेवटी सगळ्या छापा, चुकलेल्याही. बीबीसीनं १९३० साली सहा लेखकांकडून अशी मालिका रेडिओवर करून घेतली होती आणि श्रोत्यांकडून उत्तरं मागवली होती, म्हणजे ही कल्पना माझ्या पदरची नाही. वाचकांकडून नुसतं खुन्याचं नाव मागू नका, पोस्टकार्डावर मावेल एवढं कारण मागा. त्यातली चांगली पत्रं दर रविवारी कथेच्या खाली छापा, म्हणजे सांगलीच्या वाचकानं काढलेली शंका चंद्रपूरच्या वाचकाला खोडता येईल. बक्षीस ठेवलं नाही तरी चालेल. आणि कृपा करून शेवटच्या हप्त्याचा मथळा देताना जपा. मथळ्यात खुनी फुटला तर आमच्या वाचनालयाच्या मालकांसारखी पट्टी चिकटवायला आता कुणी नाही.

इथल्या कुणा वयस्कर वाचकानं १९७५-७८ च्या सुमाराला लक्ष्मी मार्केटमागच्या वाचनालयातल्या पुस्तकांत हिरव्या शाईनं लिहिलं असेल, तर ‘सातवी ब’ अजून मिरजेतच आहे आणि ते घड्याळ तिला त्या वेळी सापडलं होतं, एवढं त्यांना या पत्रातून कळावं.

आपण मालिका सुरू केलीत तर पहिलं प्रकरण काकांना वाचून दाखवायची पाळी माझी आहे. रविवारी सकाळी साडेसातला, दुकान उघडायच्या आधी.

आपली नियमित वाचक,
एक औषधविक्रेती, मिरज